सुलोच्या खोक्यातली पंधरा काडतुसं

४ ऑक्टोबर १९८७, रविवार

लेम्पी आली होती. चर्चमधून थेट, डोक्याचा रुमाल तसाच. स्वतःच कॉफी ओतून घेतली, बसली आणि म्हणाली, "यंदा शिकारीच्या कॅम्पला सुलोच्या जागी मी येणार. हरणाचा परवाना काढलाय. तू मला काडतुसं भरून दे."

माझा कप बशीत कलंडला. तिनं फडकं आणून पुसलं.

सुलो म्हणजे माझा धाकटा भाऊ. लेम्पी त्याची बायको. गेल्या सतरा नोव्हेंबरला, शिकारीच्या तिसऱ्या दिवशी, रायफल त्याच्या तोंडासमोर फुटली आणि तो गेला. त्या रायफलीत काडतुसं माझ्या हातची होती. कॅम्पातल्या सगळ्यांच्याच रायफलींत माझ्या हातची असतात — तीस वर्षं झाली.

एवढं लिहायला अकरा महिने लागले मला. लिहिलं एकदाचं.

५ ऑक्टोबर

शेरीफचा माणूस म्हणाला होता, नळीत बर्फ गेला असणार, जुन्या रायफलीत होतं असं. कॅम्पातला क्लिफ म्हणाला, हो, सुलो ओढ्यापाशी घसरला होता, नळी बर्फात रुतलेली मी बघितली. कॅम्पातलाच रुडी म्हणाला, बर्फच. मग मीही म्हणालो, बर्फ.

काडतुसांबद्दल मला कुणी विचारलंच नाही. एकानंही नाही! विचारलं असतं तर काय सांगणार होतो, देव जाणे.

मी दोनशे पावलांवर होतो. तीस वर्षं मी त्याच्या रायफलीचा आवाज ओळखतो. तो बार नव्हता. ते फुटणं होतं. धावत सुटलो तेव्हाच मनात पहिलं आलं ते "सुलो" नाही. पहिलं आलं — "काय भरलं होतं मी?"

७ ऑक्टोबर

लेम्पीला फोन केला. म्हटलं, दुकानातली घे की. चांगली मिळतात हल्ली.

"दुकानातली? आपल्या सारी घराण्यात? सुलो थडग्यातून उठून येईल आर्ने!"

"माझे डोळे आता—"

"डोळ्यांवर चष्मा आहे ना? मग झालं तर. आणि खांद्याला फार दणका बसणार नाही अशी भर. मी काही क्लिफसारखा रेडा नाही."

फोन ठेवला. हिच्यापुढे सुलोचं कधी काही चाललं नाही, माझं काय चालणार डोंबल!

९ ऑक्टोबर

तळघरातलं टेबल उघडलं. वर्षाची धूळ. काडतुसं भरायच्या दाबयंत्राच्या दांड्याला गंज. काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घासायच्या डब्यात मेलेला उंदीर.

फडताळात बंदुकीच्या दारूचे दोन डबे तसेच. एक हरणाच्या रायफलीची, सावकाश जळणारी. दुसरी कोल्ह्याच्या छोट्या रायफलीची, चटकन पेटणारी; ती मोठ्या रायफलीत गेली की रायफलच फुटते. दोन्ही राखाडी, दोन्ही बारीक काड्यांसारख्या. कोल्ह्याची तेवढी किंचित आखूड. डब्यावरची चिठ्ठी वाचली नाही तर तरण्या डोळ्यांनाही फरक कळायचा नाही.

म्हणून तर बापाचा नियम — टेबलावर एका वेळी एकच डबा. काम झालं की माप तिथल्या तिथे रिकामं करायचं, डबा फडताळात, मग दुसरा काढायचा. माप म्हणजे वरचं ते काचेचं नळकांडं. त्यात दारू ओतली आणि दांडा ओढला की पुंगळीत नेमकी तेवढीच पडते. बापानं हा नियम मला कानफटात मारून शिकवला होता. मी अख्ख्या गावाला शिकवला. एकेकाचं डोकं खाल्लं!

दोन्ही डबे उघडले नाहीत. लांब सरकवले. गावात जाऊन नवा डबा आणला.

दुकानदार म्हणाला, "काय आर्ने, पुन्हा सुरू?" मी म्हटलं, हो, सुरू. दात का काढत होता कुणास ठाऊक.

१३ ऑक्टोबर

लेम्पीसाठी पहिली काडतुसं भरली. माझी हलकी रायफल देणार आहे तिला. चार प्रकार केले, प्रत्येकात दारू आधीच्यापेक्षा केसभर जास्त, प्रत्येकाची तीन. पूर्वी ही बारा मी रेडिओ ऐकत अर्ध्या तासात उरकायचो. आज तीन तास लागले. प्रत्येक पुंगळीतली दारू तराजूवर तोलली, मग परत तोलली, मग बॅटरी मारून पुंगळीत बघितलं. गोळी दाबून बसवली की वाटायचं, आत दारू दोनदा तर नाही पडली? मग ते काडतूसच तराजूवर.

एक उचकटून पाहिलं. बरोबर होतं. परत भरलं.

 

१७ ऑक्टोबर, शनिवार

खडीच्या खाणीत गेलो. लेम्पीला सांगितलं नव्हतं, तरी आली. हिला वास येतो की काय!

मी रायफल जुन्या टायरला बांधली होती. चापाला दोरी. दोरी पंचवीस पावलं मागे, ट्रकच्या आडोशाला. आणि मी तिथे उकिडवा.

"हे काय रे? मासे धरतोस?"

"नवी दारू आहे. जपलेलं बरं."

"तीस वर्षांत कधी बांधली नव्हतीस दोरी."

मी दोरी हातात घेतली. ओढली. बार झाला, टायर उडी मारून जागेवर बसलं. बास. एवढंच! गेलो, पुंगळी काढली, बूड बघितलं. जोर जास्त झाला असेल तर बुडातली टोपी चेपून सपाट होते. ही गोल होती, नव्यासारखी. तरी दुसऱ्या बाराला पुन्हा ट्रकमागे. बारा वेळा गेलो, बारा वेळा आलो. गुडघ्यांची वाट लागली.

कागदावरची भोकं जत्रेतल्यासारखी पांगली होती. टायरनं नेम धरला तर दुसरं काय होणार! लेम्पी हसून हसून लाल. मग एकदम माझ्याकडे बघत राहिली. मी दोरी गुंडाळत बसलो.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१८ ऑक्टोबर

क्लिफ येऊन गेला. त्याला बातमी लागलीय. "बाई कॅम्पला? अरे मग शिव्या कुठे द्यायच्या आम्ही? आणि माझं लांब अंतर्वस्त्र कुठे वाळत घालू?"

म्हटलं, तू ते वर्षातून एकदा धुतोस, तेव्हा प्रश्न मोठा नाही.

जाता जाता दारात थांबला. "आर्ने, सुलोची वर्षापूर्वीची काडतुसं असतील ना तुझ्याकडे शिल्लक? मला दहाएक दे. तुझ्या हातच्याची सर नाही कशाला."

नाहीत म्हणालो. दार जवळजवळ त्याच्या नाकावर लावलं.

२२ ऑक्टोबर

आज लेम्पीनं पिशवीतून खोकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. सुलोचं. माझ्या अक्षरातली चिठ्ठी — सुलो, २८ ऑक्टोबर १९८६. वीस काडतुसांचं खोकं. पहिली पाच घरं रिकामी. पंधरा शिल्लक.

"शेडमध्ये सापडलं. चांगली आहेत, फुकट कशाला घालवायची? मोठ्या रायफलीची आहेत ना? मग क्लिफला देऊन टाकते. मागत होता."

मी खोकं हिसकावलं. खरंच हिसकावलं. तिच्या नखाला लागलं.

"ओल धरली असेल. ही मारायची नाहीत कुणी! कळलं? कुणी नाही!"

ओरडलो तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. ती खाली वाकून पिशवीच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "बरं. नाही मारत." आणि गेली.

खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. मी बाहेरच्या खोलीत जेवलो.

२४ ऑक्टोबर

नाही उघडलं.

२५ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेलो नाही. उघडलं.

गोळी उपटायची हातोडी असते — काडतूस तिच्या तोंडात अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं की गोळी सुटते, मागोमाग दारू. सकाळी नऊला बसलो. पांढऱ्या बशीत दारू ओतायची, दिव्याखाली धरायची, भिंगातून बघायची.

भरताना मी नेहमी डावीकडून सुरू करतो. पहिलं भरलेलं पहिल्या घरात. सुलोनं डावीकडची पाच नेली होती. म्हणून सहाव्यापासून.

सहावं. काड्या. लांब... आखूड. आखूड. आखूड. निम्म्याहून जास्त आखूड.

सातवं. चिमूटभर आखूड.

आठवं. एक-दोन.

नववं स्वच्छ. दहावं स्वच्छ. पंधराच्या पंधरा उपटली. बाकी सगळी स्वच्छ.

मग कितीतरी वेळ मी खुर्चीत बसून होतो. बाहेर पाऊस-बर्फ असं काहीतरी पडत होतं.

कळायला काही अवघड नाही. माझ्याजागी दुसरा कुणी असता तर मी त्याला फळ्यावर लिहून समजावलं असतं. मापात आधीची कोल्ह्याची दारू उरलेली असणार. ती चुकून हरणाच्या डब्यात ओतली गेली. डब्यात ती सर्वांत वर राहिली. मग तो डबा मापात उपडा केला — वरची आधी, म्हणजे मापात तळाला. म्हणजे पहिल्या काडतुसांत तीच. पहिल्या पाचांत. सुलोच्या पाचांत! उरलेली चार शेरीफच्या माणसानं तळ्यात फेकून दिली, धोका नको म्हणून.

बर्फ नव्हता. बर्फ कधीच नव्हता.

लहानपणी सुलो माझ्या पाठीवर बसून शाळेत यायचा. तीन मैल. उतरायला सांगितलं की झोपल्याचं सोंग करायचा.

२६ ऑक्टोबर

ओतल्याचं मला आठवत नाही. डोकं फोडून घेतलं तरी आठवत नाही. पण माझं तळघर, माझं टेबल, माझं माप. मी नाही तर कोण, भूत?

२८ ऑक्टोबर

सांगू नये. काय मिळणार आहे तिला? नवरा परत येणार आहे?

२९ ऑक्टोबर

सांगितलं नाही तर ती पंधरा नोव्हेंबरला, सीझन सुरू होताच, माझ्या हातची काडतुसं भरून रायफल खांद्याला लावणार. विश्वासानं. ज्या विश्वासानं त्यानं लावली.

नवीन काडतुसं चोख आहेत, हे मला माहीत आहे. प्रश्न तो नाही. पण हिला न सांगता हिच्या हातात ती देणं — छे. मला नाही जमणार. मी भित्रा आहे, पण इतका नाही.

१ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

ती पॅस्टी, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंज्या, करत होती. मांस, बटाटे कापून ठेवलेले, पीठ लाटलेलं, सलगम कापणं चाललेलं. दोन शिकाऱ्यांना पुरतील इतक्या करायच्या म्हणत होती. मी टोपी हातात घेऊन उभाच राहिलो. सगळं सांगितलं. सहावं, सातवं, आठवं. आखूड काड्या. माप.

ती सलगम कापत राहिली. सुरी थांबली नाही. सगळं कापून झालं तशी सुरी पुसली आणि म्हणाली, "जा."

"लेम्पी—"

"जा म्हटलं ना!"

गेलो.

३ नोव्हेंबर

नाही आली. फोन नाही.

४ नोव्हेंबर

तिच्या घरावरून ट्रक नेला. धुराडं चालू होतं. थांबलो नाही.

६ नोव्हेंबर

बर्फ पडला. पहिला खरा. सुलोच्या अंगणातला दरवर्षी मी आणि तो मिळून काढायचो, मग माझा. आज फावडं घेऊन गेलो. पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत काढला. पडदा हलला. दार उघडलं नाही.

८ नोव्हेंबर

रुडी म्हणतो, तुझं आणि लेम्पीचं काय बिनसलं? म्हटलं, काही नाही. "बाईला कॅम्पला येऊ नको म्हणालास का? बरं केलंस. माझी बायको पण यायचं म्हणायला लागली होती."

हसलो. तोंड दुखलं.

१० नोव्हेंबर

आली. बूट न काढता आत. माझ्या घरात बूट न काढता आजवर कुणी आलं नाही, पण बोलायची छाती होती कुणाची?

उभी राहिली आणि एक थोबाडीत दिली मला. चांगली सणसणीत. चष्मा चुलीखाली गेला. मग तिनंच वाकून काढला, फुंकर मारली, माझ्या हातात दिला. आणि बसली.

"ऐक आता. मध्ये बोलू नकोस. गेल्या वर्षी रविवारी तो कॅम्पवरून घरी आला होता, आठवतं? मोजे न्यायला. खोकत होता. म्हणाला, उद्या नाही जात, पडून राहतो घरीच. आणि मी म्हणाले — माझ्या घरात खोकत बसू नकोस, कटकट नुसती, जा तिकडे तुझ्या त्या कॅम्पवाल्यांच्यात. असं म्हणाले मी. हाकललं त्याला. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी..."

मी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"वर्षभर आर्ने, रोज, उशीला डोकं टेकलं की तेच. मी त्याला हाकललं नसतं तर तो जिवंत असता. कुणाला सांगणार? पाद्रीबुवांना सांगितलं तर म्हणाले, देवाची इच्छा. देवाची कसली? इच्छा माझी होती! मला घर झाडायचं होतं!"

रडली. मी पाणी दिलं. प्यायली नाही.

"तू सांगितलंस त्या दिवशी तुझा जीव घ्यावासा वाटला. दोन दिवस तेच वाटलं. आणि तिसऱ्या दिवशी मला झोप लागली. सकाळी सात वाजेपर्यंत. वर्षात पहिल्यांदा! काल पण. परवा पण. माझ्यामुळे नाही गेला तो. तुझ्या गाढवपणामुळे गेला."

"हो."

"तुला मी माफ केलेलं नाही."

"नको करूस."

"पण काडतुसं तूच भरायचीस. आणि पहिला बार तू काढायचास. दोरी नाही. खांद्याला लावून."

१२ नोव्हेंबर

खाणीत गेलो दोघं. ताजी भरलेली, तिच्यासमोर भरलेली. तळघरात माझ्या बाजूला स्टुलावर बसून प्रत्येक तोलताना बघत होती. "हे किती?" "बरोबर आहे." "परत तोल." परत तोललं.

खांद्याला लावली. गाल लाकडाला टेकवला. तसाच, जसा त्यानं टेकवला होता. मला त्याचा चेहरा दिसला — शेवटचा, तो नव्हे जो मला आठवायला हवा. डोळ्यांत पाणी आलं, समोरचा कागद दिसेना. माझ्या मागे ती उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. ट्रकच्या आडोशाला गेली नव्हती. माझ्यामागे, दोन पावलांवर.

"ओढ," म्हणाली.

ओढला.

बार. नुसता साधा, आपला बार. खांद्याला धक्का, कानात घंटा.

मग आणखी दोन. तिन्ही भोकं माझ्या कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती. मी खाली बसलो, बर्फातच. तिनं रायफल माझ्या हातातून घेतली, स्वतः भरली आणि लागली मारायला. पहिल्या दोन वेळा डोळे मिटले तिनं. मी गुपचूप एक रिकामं काडतूस आत सरकवलं. तिनं चाप ओढला, बार नाही, आणि ही मात्र अंगभर दचकली! "बघ," म्हटलं, "धक्का नसतानाच दचकतेस. धक्क्याचा दोष नाही." माझ्याकडे असं बघितलं तिनं की पुन्हा थोबाडीत बसते की काय! पण हसली.

१५ नोव्हेंबर, रविवार. कॅम्प.

सीझनचा पहिला दिवस आणि रविवार. पाद्रीबुवासुद्धा जंगलात असणार.

लेम्पीनं नेम चुकवला! ओढ्यापलीकडे आठ टोकांच्या शिंगांचा नर, आडवा उभा, जणू फोटो काढायला आलेला. मी बाजूलाच. बार काढला, नर शेपूट वर करून पसार. आम्ही अर्धा तास बर्फात रक्त शोधलं. थेंब नाही. डोळे मिटले असणार हिनं, दुसरं काय!

आमच्याकडे नेम चुकला की शर्टाचा मागचा पदर कापून कॅम्पच्या भिंतीला ठोकायचा, नाव-तारखेसकट. सुलोचे तिथे अकरा आहेत. दुपारी सगळे परतलो तर क्लिफ आणि रुडी हळू आवाजात कुजबुजत. विधवा बाई, शर्ट कसा कापायचा? बघत होते माझ्याकडे.

लेम्पीनं कोट काढला. खाली सुलोचा लाल चौकड्यांचा शर्ट. पाठ केली त्यांच्याकडे. "कापा की! का सुरीला धार नाही? सुलोचा कापताना तर लई जोर यायचा तुम्हाला!"

क्लिफनं कापला. तिनंच खिळा ठोकला, सुलोच्या अकराव्याच्या शेजारी. मग रुडीनं कुठूनतरी बाटली काढली आणि क्लिफ म्हणाला, "गोळी चुकली त्यात काडतुसाचा दोष नाही बरं का, काडतुसं आर्नेची आहेत!" सगळे हसले. लेम्पीही. मी पण हसलो.

१६ नोव्हेंबर

उद्या दफनभूमीत जायचं म्हणून आम्ही दोघं परत आलो. ट्रकमध्ये वाटेत ती एकदम म्हणाली, "त्याला मी हाकललं ते आता टोचत नाही रे तितकं. हाकललं तर हाकललं. रोजच हाकलायचे मी त्याला."

मग झोपली. डोकं खिडकीला टेकवून, तोंड उघडं. घोरत होती चक्क.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

वर्ष झालं. सकाळी दफनभूमीत जाऊन आलो. लेम्पीनं मेणबत्ती लावली, वाऱ्यानं तीनदा विझली.

दुपारी घरी एकटा. डोक्यात आलं, त्या अठ्ठावीस ऑक्टोबरला माझं लक्ष होतं तरी कुठे? असं काय चाललं होतं की बापाचा नियम विसरलो? माळ्यावरून मागच्या वर्षीची रोजनिशी काढली. अठ्ठावीसचं पान. माझंच अक्षर. जसंच्या तसं उतरवतो:

"काल संध्याकाळी कोल्ह्याची काडतुसं भरताना पाठ धरली, डबा फडताळात ठेवला, माप तसंच सोडून झोपलो. सकाळी सुलो आला. मी त्याची काडतुसं भरायला डबा काढला तोच डोळ्यांच्या डॉक्टरकडून फोन. वर गेलो, वीसेक मिनिटं मोडली. खाली येतो तर चमत्कार! टेबल लख्ख, माप रिकामं, कोल्ह्याचे साचे जागेवर, जमीन झाडलेली. सुलोनं! ज्यानं जन्मात स्वतःचा कप उचलला नाही! म्हणाला, लेम्पीनं दम दिलाय, भावाकडे जाऊन नुसता बसू नकोस, म्हाताऱ्याला जरा मदत कर, त्याचा पसारा आवर. म्हटलं, देव तिचं भलं करो. मग लगेच भरायला बसलो."

तीनदा वाचलं.

टेबलावर तेव्हा एकच डबा होता. हरणाचा. त्यातच ओतलं त्यानं. ओतणारच. एकच डबा दिसल्यावर माणूस दुसरीकडे कशाला ओतेल?

मी नव्हे. तो. आणि तो तरी का? तिनं सांगितलं म्हणून.

१८ नोव्हेंबर

सकाळीच वाफेच्या न्हाणीत, साउनात, चूल पेटवली. मागच्या वर्षीची वही चुलीत गेली, पुठ्ठ्यासकट. या वहीतली कालची-आजची पानंही, एवढं लिहून झालं की, जाणार.

लेम्पी गोड पाव घेऊन आली. बूट काढून. म्हणाली, "बुधवारी सकाळी कसला साउना?" म्हटलं, पाठ धरलीय. बसली. जरा वेळानं, माझ्याकडे न बघता: "कसं झालं रे नेमकं? ओतताना तुझं लक्ष कुठे होतं? आठवलं का काही?"

"आठवलं," म्हणालो. "फोन आला होता. घाई झाली. मीच ओतली."

"गाढव आहेस," ती म्हणाली. मग पाव कापला आणि मोठा तुकडा माझ्या पुढ्यात ठेवला.